मेळघाट ते गोंदिया, गाडीनं पाच दिवस (आणि एक तलाव, ज्याचं नाव सांगणार नाही)

धुऱ्यावरचा | २९ जानेवारी, रात्री १०:१२

राम राम मंडळी. २६ जानेवारीला जोडून रजा टाकली, मित्राची चौदा वर्षं जुनी गाडी मागून आणली आणि अमरावतीहून निघालो. सोबत आतेभाऊ. त्याला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण गाडी नीट चालवतो आणि तासन्‌तास गप्प बसू शकतो. पक्षी पाहायला निघालेल्या माणसाला याहून चांगला सोबती मिळायचा नाही.

आधीच सांगून टाकतो, या धाग्यात वाघ नाही. जिप्सी बुक केली नाही, कुठल्या गेटवर पहाटे रांग लावली नाही. ताडोब्याला तीनदा जाऊन आलो आहे. तिथे नीलपंखासाठी गाडी थांबवा म्हटलं की बाकीचे पाचजण असे पाहतात, की पंगतीत जिलेबी आली असताना मी मीठ मागितलं. त्यांचंही चूक नाही, पैसे त्यांनी वाघाचे भरलेले असतात. म्हणून ठरवलं, या खेपेला सडक, पाळ (तलावाचा बांध) आणि धुरा (शेताचा बांध). जे दिसेल ते.

परतवाड्याला चहा-आलूबोंडा हाणला आणि घटांगच्या रस्त्याला लागलो. जानेवारीत सागाची पानं गळायला लागलेली असतात, जंगल मोकळं होतं. मेळघाटात जायचं कारण एकच, रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता. संपला असं सगळे धरून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सापडला, पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना. ११३ वर्षांनी. आणि आता आपल्या मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे, हे अमरावतीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही.

पहिल्याच दिवशी सेमाडोहच्या अलीकडे सागाच्या शेंड्यावर बसलेला दिसला. हात थरथरत होते. दोनशे फोटो काढले. रात्री खोलीत मोठं करून पाहिलं, तर डोकंभर पांढरे ठिपके. साधा पिंगळा! आमच्या घरामागच्या कडुनिंबावर रोज बसतो तो. आतेभाऊ म्हणाला, "पन्नास-शंभर किलोमीटर येऊन शेजाऱ्याचाच फोटो काढला का बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, ऊन नुकतंच शेंड्यांवर आलेलं असताना, खरा दिसला. एकदा खरा पाहिला की पुन्हा चूक होत नाही. डोकं जवळजवळ कोरं, राखट तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि पंजे अंगाच्या मानानं दणकट, लहान पोरानं बापाच्या चपला घातल्यासारखे. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. मग एकदम खाली गेला आणि सरडा घेऊन वर आला. सरड्याची शेपटी चोचीबाहेर वळवळत होती. (फोटो ३, ४. चौथा जरा हलला आहे, पण टाकवत नाही.)

तेवढ्यात मागून एक गाडी आली. चार कॅमेरे बाहेर, आणि एकानं मोबाइलला छोटा स्पीकर जोडून त्याचाच आवाज वाजवायला सुरुवात केली. पक्षी सरडा तसाच धरून ताठ झाला. दुसऱ्या फांदीवर गेला, तिसऱ्या. त्याच्या लेखी त्याच्या हद्दीत कुणी तरी परका नर शिरला होता. मी हात जोडून म्हटलं, दादा, बंद करा. ते म्हणाले, "दोनच मिनिटं." आम्ही निघून आलो.

तिसरा दिवस सगळा सडकेवर गेला. मेळघाटातून उतरून अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली. सांगण्यासारखं एवढंच, की नागपूरच्या अलीकडे वावरांत पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याचे बगीचे. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की देशच बदलतो. धानाच्या बांध्या (भातखाचरं), कापलेल्या धानाचे खुंट, मधूनच लाखोळी (लाख डाळीचं पीक) आणि जवस. आणि तलाव. प्रत्येक गावाला एक तलाव आणि एखादी तरी बोडी (छोटं तळं).

हे मालगुजारी तलाव कोहळी समाजानं गोंड राजवटीत बांधले, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी. नुसती मातीची पाळ, पण जागा अशी निवडलेली की वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारचे झाले, आणि सरकारचं ते कुणाचंच नाही या न्यायानं कित्येकांत गाळ भरला आणि कडेनं बेशरम (पाणथळीत फोफावणारं झुडूप) माजली. जिथे बेशरम नाही, पाण्यात वनस्पती आहेत आणि काठ उथळ आहे, तिथे पक्षी आहेत. पाच दिवसांत मला कळलेला हा सगळ्यात उपयोगाचा नियम.

नवेगावबांधला पहाटे धुकं एवढं, की अडई बदकं ऐकू येत होती, दिसत नव्हती. शिट्ट्या वाजवत डोक्यावरून गेली, पंखांचा वारा लागला असं वाटलं. सातच्या पुढे धुकं उचललं तेव्हा चक्रवाकांची जोडी, वारकऱ्यांचा थवा, थापट्ये, आणि दूर मधोमध पट्टकादंब. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाण्यावर पिसांत मान खुपसून निवांत झोपलेला पाहणं, याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

एक दुःखद घटना. गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायला मी बीनबॅग शिवून घेतली होती आणि आत हरभरा भरला होता. एका बोडीच्या पाळीवर ती खाली ठेवून कमळपक्ष्याच्या मागे लागलो. वळून पाहतो तर एक बोकड. पिशवीला भोक पाडून, डोळे मिटून, दीड किलो हरभऱ्यातला अर्धा त्यानं साफ केला होता. राखणारी आजी म्हणाली, "तुमीच आनला ना जी त्याच्यासाठी?" मग शेवटपर्यंत पिशवीत तनस (धानाचं वाळलं गवत) कोंबून काम चालवलं.

शेवटी सारस. गोंदियाकडच्या एका तलावाखालच्या बांधीत नर, मादी आणि मागच्या पावसाळ्यातलं पिल्लू. पिल्लू कसलं, उंचीला आईएवढं, फक्त डोकं अजून विटकरी-तांबूस. आम्ही गाडीतच, इंजिन बंद, शंभरेक पावलं दूर. सव्वासातला नरानं चोच आभाळाकडे केली आणि दोघांनी एकत्र हाळी दिली. त्याची एक लांब, तिच्या दोन-तीन आखूड. आतेभाऊ, ज्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, तो हळूच म्हणाला, "हे रोज करतात?"

तलावाचं नाव सांगणार नाही. विचारू नका. (फोटो ११ ते १५)

टिबुकली | २९ जानेवारी, रात्री ११:०५

किती दिवसांनी पंख न मोजता लिहिलेला वृत्तान्त वाचला! बोकडाचा फोटो का नाही?

एक दुरुस्ती. फोटो ६ मधल्या शिकारी पक्ष्याला तुम्ही पांढुरका भोवत्या म्हटलं आहे. तो नाही. पंखावर मधोमध काळी रेघ दिसते ना? तो माँटेग्यूचा भोवत्या, नर. पांढुरक्याला ती रेघ नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असते. दोघंही आपल्याकडे हिवाळ्यालाच येतात आणि गवतात जमिनीवर रात्र काढतात, म्हणून गोंधळ होतो. मीही वर्षभर चुकत होते.

लेन्सवेडा | ३० जानेवारी, सकाळी ७:४८

फोटो झकास. दोन प्रश्न.
१. सेटिंग काय होतं? माझ्याकडेही १५०-६०० लेन्स आहे, पण एवढं काटेकोर येत नाही.
२. तलावाचं नाव का नाही? धागा काढायचा, तोंडाला पाणी सुटेल असे फोटो टाकायचे, आणि मग 'विचारू नका'? आम्ही काय शिकारी आहोत का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

पऱ्हाटी | ३० जानेवारी, सकाळी ९:३०

भाऊ, तुमी अमरावतीहून थेट पूर्वेले पयाले, आमच्याकडं काऊन नाई आले? कारंजा-सोहोळले काळवीट पाहा, लोणारले जा. लोणार २०२० मंधी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागायच्या रामसर यादीत गेलं, पण लोकायले अजून तिथं फक्त दगड पडला तेच माईत हाय. सकाळी विवरात उतरा, मोरायचा आवाज चहूकडून घुमते. काठावर शेकाटे असतेत लाल पायाचे, टिबुकल्या तर इचारूच नका.

अन त्या स्पीकरवाल्यायले मी असतो तं सांगतलं असतं. आपल्या दारात कोनी रोज येऊन आपल्याच आवाजात वरडलं, तं आपन जेवू का? पाखरू खानं सोडून भांडाले जाते. पिल्लं असली तं उपाशी.

बाकी गवताळ माळ राहिला कुठं? तणमोर (माळावरचं पाखरू) आमच्या आज्यानं पायला, मी नाई पायला. रोही (नीलगाय) मात्र लय झाले, तूर ठेवत नाई.

धुऱ्यावरचा | ३० जानेवारी, दुपारी १:१५

टिबुकलीताई, मान्य. मथळा बदलतो. बोकडाचा फोटो आहे, पण त्यात माझा चेहराही आहे, आणि तो पाहण्यासारखा नाही.

पऱ्हाटी, पुढच्या खेपेला पश्चिमेकडेच. शब्द.

लेन्सवेडा, सेटिंगमध्ये काही जादू नाही. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० ते १/८००, उडत्याला १/२०००, आयएसओ ऑटोवर. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करायचं, नाहीतर पिसं जळतात. पण तुझा घोटाळा सेटिंगचा नसावा. तू किती वाजता काढतोस? साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून उन्हाची झळ उठते, दूरचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा होतो, मग लाखाची लेन्स असो. जानेवारीतही होतं. आणि इंजिन बंद कर, त्याच्या थरथरीनं निम्मे फोटो जातात. गाडीतून उतरू नकोस. पक्षी गाडीला भीत नाही, गाडीतून उतरलेल्या दोन पायांना भितो.

आता नावाचं. सांगायचं नव्हतं, पण तू विचारलंसच.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मला एका बांधीत सारसाचं घरटं दिसलं. धानाच्या मधोमध, पाणवनस्पती आणि धानाच्या काड्या ओढून केलेला ढीग, माणूस आडवा झोपेल एवढा. दोन अंडी. मी धुऱ्यावरून दोन फोटो काढले आणि घरी येऊन गावाच्या नावासकट एका गटात टाकले. तीनशे लाइक आले. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी तिथे तीन गाड्या गेल्या. मग आणखी. लोक बांधीत उतरले, धान पोटरीत होतं. एकानं अंड्यांचा फोटो चार हातांवरून काढला. महिनाभर अंडी उबवायची असतात, आणि जोडी दिवसातून पाच-पाच वेळा उठत होती. शेवटी अंडी गेली. कावळ्यानं नेली की कुत्र्यानं, मला माहीत नाही. मी माफी मागायला गेलो तर शेतकऱ्यानं खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमी फोटो नेला जी. माझा धान कोन भरून देईल?" त्यानं त्या जोडीसाठी त्या बांधीत फवारणी केली नव्हती. मला ते माहीतच नव्हतं.

म्हणून नाव नाही. व्यनिनंही नाही.

लेन्सवेडा | ३० जानेवारी, दुपारी ३:०२

झालं ते वाईटच झालं. पण त्यावरून सगळं झाकून ठेवायचं हे पटत नाही. लोकांनी पाहिलं नाही तर त्यांना जीव लागणार कसा? ताडोबा लपवला असता तर आज मोहर्लीच्या पोरांना रोजगार मिळाला असता का? तुमच्यासारखे दहाजण गुपचूप पाहणार, आणि उद्या तो तलाव कुणी बुजवला तर बोंब मारायला अकरावा माणूस नसेल.

टिबुकली | ३० जानेवारी, दुपारी ४:२०

लेन्सवेडाचा मुद्दा धुडकावण्यासारखा नाही. पण ताडोब्याला गेट आहे, गाड्यांची मर्यादा आहे, सोबत गाईड असतो. सारसाला काय आहे? तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर राहतो. गोंदिया जिल्ह्यात सगळे धरून पन्नाससुद्धा नाहीत. विजेच्या तारेवर आपटून एक जोडी गेली तरी हिशेब बिघडतो. एवढ्या थोड्यांवर 'लोकांना जीव लागू दे' हा प्रयोग करायला माझी तरी हिंमत होणार नाही.

ज्यांना सारस पाहायचाच आहे त्यांनी परसवाडा, झिलमिली अशा आधीच सगळ्यांना माहीत असलेल्या तलावांवर जावं, पाळीवरून दुर्बिणीनं पाहावं. नवीन जागा मात्र नकोत.

सडकसख्या | ३० जानेवारी, संध्याकाळी ६:४०

मी पक्षीवाला नाही, गाडीवाला आहे. साकोली ते नवेगावबांध रस्ता कसा आहे? राहायची सोय? आणि चौदा वर्षं जुनी गाडी घाटातून नेली, ब्रेक पाहिले होते का?

धुऱ्यावरचा | ३० जानेवारी, संध्याकाळी ७:१०

रस्ता चांगला. खायला साकोलीच्या पुढे फार आशा ठेवू नका, फल्ली (शेंगदाणे) आणि गूळ जवळ ठेवा. एका ढाब्यावर वांग्याची भाजी मात्र अशी मिळाली, की सांबार (मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी: कोथिंबीर) वरून मूठभर, आणि आतेभाऊ सारस विसरला. ब्रेक पाहिले होते. हॉर्न पाहिला नव्हता, तो घटांगलाच गेला. पक्ष्यांच्या दृष्टीनं बरंच झालं.

बांधीवाला | ३० जानेवारी, रात्री ९:५५

नमस्कार. मी इथं फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहून राहिलो.

धुऱ्यावरचे दादा, तुमी तलावाचं नाव नाही सांगितलं हे चांगलं केलं. पण मले फोटो १३ पाहून दोन मिनिटांत गाव समजलं. मागं विजेच्या लाइनचा टॉवर आहे, त्याच्यावरच्या पाटीवर नंबर हाय. मोठा करून पाहा, वाचता येते. आणि फोटो १५ मधी पाळीवरचं मारुतीचं देऊळ, बाजूला दोन शिंदीची झाडं. आमच्या भागातला कोनीही सांगन. लाइनमन तर लगेच सांगन.

राग मानू नका जी. आमचं वावर तिथून दोन धुरे पलीकडं हाय.

धुऱ्यावरचा | ३० जानेवारी, रात्री १०:०८

१३ आणि १५ काढले. १२ सुद्धा काढला, त्यात कालव्याचं दार होतं.

दिवसभर इथे लेन्सवेडाला शहाणपण शिकवलं आणि पुन्हा तेच करून बसलो. मोबाइलनं काढलेला ११ वा फोटोही पाहिला, त्याच्या माहितीत अक्षांश-रेखांश जसेच्या तसे होते. कॅमेऱ्याची मला काळजी होती, खिशातल्या मोबाइलची नव्हती. तोही काढला. कुणी हे फोटो उतरवून घेतले असतील तर कृपा करून पुढे पाठवू नका.

लेन्सवेडा | ३० जानेवारी, रात्री १०:३१

मी १३ उतरवून घेतला होता. खोडला. (नंबर मी वाचला नव्हता. आता वाचावा असं वाटत होतं, म्हणून आधी खोडला.)

पऱ्हाटी | ३० जानेवारी, रात्री १०:४०

हे बरं केलं राजेहो.

टिबुकली | ३१ जानेवारी, सकाळी ८:१५

बांधीवाला, तुम्ही लिहीत राहा. तिथे राहणाऱ्या माणसाची एक नोंद आमच्या दहा सहलींच्या तोडीची असते. ते पिल्लू अजून आई-बापासोबतच आहे का? फेब्रुवारीनंतर वेगळं होतं का, हे तुमच्याकडूनच कळेल.

बांधीवाला | ३१ जानेवारी, सकाळी ११:५०

आज सकाळी तिघंही होते. पिल्लू मागं मागंच राहते. बापानं एकदा चोच मारून हाकललं, ते दहा पावलं गेलं आन परत आलं. बोडीतलं पानी उतरून राहिलं, म्हणून आता खालच्या बांध्यांत येतात.

धुऱ्यावरचा | ३१ जानेवारी, दुपारी १२:०५

खालच्या म्हणजे टॉवरच्या लाइनकडे?

बांधीवाला | ३१ जानेवारी, दुपारी १२:३०

हो जी. लाखोळी तिकडंच हाय. संध्याकाळी परत जाताना तारांच्या खालून जातात का वरून, ते आज उभं राहून पाहतो.